पायच तेवढे वाढले

मुलांनो, टेबलावर दोन बोटं पळवून दाखवणारे आपल्या खालच्या मजल्यावरचे ऑपरेटर तुम्हाला आठवतात का? रविवारी तुम्ही बहीणभाऊ एकाच घरातून, पण एकमेकांशी अबोला धरून वेगवेगळ्या फोनवरून माझ्याशी बोललात, तेव्हा मला ते आठवले.

पनवेलच्या एका जुन्या थिएटरात त्यांनी तीस वर्षं प्रोजेक्टर चालवला. थिएटर बंद पडल्यावर ते दुपारी माझ्याकडे टीव्हीवर सिनेमा बघायला येत. सूडाचा सिनेमा असला की खूश. बापाचा खून होतो, पोरगं पळत सुटतं, पडद्यावर नुसते पाय दिसतात आणि पळता पळता ते मोठ्या माणसाचे होतात. तिथे ऑपरेटरांची बोटं टेबलावर पळत.

“बघा बाई, पायच तेवढे वाढले. पोरगं हाय तेवढंच!”

मग हिरोची टिंगल सुरू. “हिरॉइन एवढी गाते, याचं लक्ष नाय. आई जेव म्हनते, जेवत नाय. धा वर्साचं रुसलेलं पोर हाय ते, मिशी लावलेलं.” खलनायक मेला की म्हणत, “आता याला इचारा, उद्या सकाळी उठून काय करनार?”

मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण एखाद्या नायकाबद्दल इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

त्यांचा स्वतःचा थोरला भाऊ चिरनेरला होता. त्याच्याशी ते बावीस वर्षं बोलत नव्हते. वडील गेले तेव्हा ऑपरेटर शो चालवत होते. शो सुटल्यावर निघाले, पोचले तोवर चिता पेटलेली. भावाने वाट पाहिली नाही. “त्याच्या वक्ताला मी पन जानार नाय,” एवढाच त्यांचा सूड, पण जपून ठेवलेला.

एका दुपारी फोन आला, भावाला अर्धांगाचा झटका आलाय. ऑपरेटरांनी फोन खिशात टाकला आणि सिनेमा बघत बसले. पडद्यावर ते पाय आले. त्यांची बोटं हलली नाहीत. मग मीच माझी दोन बोटं टेबलावर पळवली.

“बाई, माज्यावर मास्तरकी करू नका,” म्हणाले आणि अर्धा चहा टाकून निघून गेले.

तीन दिवस फिरकले नाहीत. मला वाटलं, मी एक शेजारी गमावला. चौथ्या दिवशी चिरनेरहून थेट माझ्या दारात.

“तोंड वाकडं झालंय, तरी बोलला.”

“काय बोलला?”

“‘सुटला का रं शो?’”

सांगताना हसले, आणि मग बराच वेळ बाहीने डोळे पुसत बसले. पुढे दर रविवारी ते भावाची दाढी करायला जात.

गेल्या वर्षी ऑपरेटरच आधी गेले. ऊन चढत होतं, बिल्डिंगमधले लोक घाई करत होते. मी जिन्यात उभी राहिले. म्हटलं, चिरनेरहून माणूस यायचाय, तोवर कुणी उचलायचं नाही. भाऊ काठी टेकत आला. चार पावलं त्याने खांदा दिला.

ऑपरेटरांनी दिलेली तुटक्या रिळाची एक पट्टी माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. उजेडात धरली की एका टोकाला लहान पाय दिसतात, दुसऱ्या टोकाला मोठे. मधे त्यांनी स्वतः चिकटवलेला जोड आहे. तो अजून घट्ट आहे.