न पाहिलेल्या डोंगराचा धडा

काशीची वेस न ओलांडता अख्ख्या जगाचा भूगोल शिकवणारा माणूस या भूतलावर एकच असेल, आणि तो माझा मावसभाऊ आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. त्याचं शिक्षण काशीत, शाळेतली मास्तरकी काशीत, सासुरवाडी तर दूधविनायकाला, त्याच्या घराच्याच गल्लीत, तीन दारं सोडून. कारण विचारलं की म्हणायचा, "आईनं क्षेत्रसंन्यास घेतलाय ना." म्हणजे मरेपर्यंत काशीबाहेर पाऊल न टाकण्याचं व्रत. काका गेल्यावर मावशीने ते घेतलं तेव्हा दादा बावीस वर्षांचा होता. व्रत तिचं, पण तिच्याबरोबर गेली तीस वर्षं हाही पाळत आला.

मग बाहेरचं जग त्याला कळायचं कसं? तर आमच्या घरून. रामघाटावर आमच्याकडे उपाध्येपण चालतं, महाराष्ट्रातून यजमान येतात, दोन दिवस उतरतात. दादा शाळा सुटली की येऊन त्यांना गाठायचा. एकदा साताऱ्याकडचे एक गृहस्थ तळहातावर पाणी घेऊन संकल्पाला बसले होते. दादा दारातूनच म्हणाला, "आपल्याकडे विहिरीला पाणी किती फुटांवर लागतं हो?" गृहस्थ शेतकरी, विषय जिव्हाळ्याचा. ते विहीर सांगत बसले, हातातलं पाणी गळून गेलं आणि माझ्या थोरल्या भावाला संकल्प पहिल्यापासून सांगावा लागला. राजापूरच्या एका बाईंकडून तर त्याने आमच्या ओसरीवर तांदळाच्या पिठाने अख्खी खाडी काढून घेतली. आम्ही दिवसभर ती ओलांडून ये-जा करत होतो.

अशा माणसावर शाळेने नववीचा भूगोल नव्याने आखायचं काम सोपवलं. दादाने तीन महिने रात्रीचा दिवस केला. प्रत्येक धड्याखाली माहिती देणाऱ्याचा उल्लेख होता: 'काळी माती: तासगावचे द्राक्षबागवाले, मुक्काम दोन दिवस.' पण त्याचा जीव होता पाचव्या धड्यात. त्यात मुलांना काशीबाहेर, चुनार गावापुढच्या विंध्याच्या डोंगरावर न्यायचं होतं. चढ कुठे सुरू होतो, खडकाचे थर कुठे दिसतात, पाणी कुठे प्यायचं, सगळं अकरा पानांत. प्रिन्सिपलसाहेबांनी वाचलं आणि विचारलं, "मास्टर साहब, यह जगह आपने देखी है?"

"जी नहीं. सुनी है," दादा म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नाही.

"तो पहले आप हो आइए. नहीं तो यह पाठ हटाना पड़ेगा."

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो तर हा ताटावर नुसता बसून होता. धडा काढून टाकतो म्हणाला. मला राहवलं नाही. मी त्याच्यासमोरच मावशीला सगळं सांगून टाकलं. मावशी वाती वळत होती. ती थांबली.

"अरे, तुला जाऊ नको असं मी कधी म्हटलं होतं?"

"तुला जाता येत नाही, मग मी कसा जाऊ म्हणून..."

"आणि मला वाटायचं, तुला घुमायची आवडच नाही," मावशी म्हणाली. "पुस्तकातच खुश आहेस म्हणून मी गप्प राहिले."

येईल त्या यजमानाला प्रश्न विचारून हैराण करणाऱ्या माणसाने घरात एवढी एक गोष्ट विचारली नव्हती. मला हसू येत होतं आणि वाईटही वाटत होतं.

रविवारी आम्ही दोघं गेलो. डोंगर बेताचाच होता. दादाने खडकावर हात ठेवला आणि अर्धा तास तो एक अक्षर बोलला नाही. घरी येऊन त्याने अकरा पानं फाडली आणि एकच पान लिहिलं. शिक्षकांसाठी सूचना होती: 'वर पोहोचल्यावर अर्धा तास काही समजावू नये.' शाळेने धडा ठेवला.

पुढे एका सकाळी मावशी बालाजी घाटावर बसली होती. गंगेपलीकडची वाळू दाखवून तिने दादाला सांगितलं, "ती पण काशीत नाही म्हणून गेला नसशील. जा, मी इथून बघते." दादा नावेने पलीकडे गेला. वाळूवर उतरून त्याने हात हलवला. मावशीला हल्ली पायरीवरचं माणूससुद्धा नीट दिसत नाही. तरी तिने हात वर केला, आणि नाव परत येईपर्यंत खाली घेतला नाही.