सोळा चौकटींतले मासे

खेडच्या कॉलेजात परीक्षेवर देखरेख करायला मला पाठवलं होतं. मुलांच्या बाह्यांतून, मोज्यांतून चिठ्ठ्या काढून घ्यायच्या, हे काम. दुसऱ्या दिवशी पेपर सुरू होऊन तासभर झाला असेल, तेव्हा शिपाई आला आणि त्याने माझ्याच हातात एक चिठ्ठी ठेवली. रत्नागिरीहून आलेला फोनचा निरोप हेडक्लार्कने उतरवून घेतला होता. ‘इंदूवहिनी आज सकाळी मिरजेच्या इस्पितळात वारल्या. ताबडतोब निघा.’ ताबडतोब निघता आलं नाही. बदली माणूस नव्हता, म्हणून उरलेले दोन तास मी त्या वर्गात उभा राहिलो. वहिनींना ते पटलं असतं. हातातलं काम अर्धवट टाकून रडायला पळणाऱ्या माणसांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी गावात शोकसभा झाली. ज्यांनी वहिनींचं यंत्र कधी पाहिलं नव्हतं असे चार जण त्यावर बोलले. एकाने त्यांना ‘कोकणची संगणक-सरस्वती’ केलं, दुसऱ्याने सांगितलं की त्यांनी रत्नागिरीत एकविसावं शतक आणलं. एकविसाव्या शतकाला अजून अवकाश आहे आणि ते कोणत्या गाडीने येणार हेही ठरायचं आहे. वहिनींनी आणले ते मासे. तेही कागदावर, चौकटी भरून. तेवढंच नीट सांगावं म्हणून हे लिहितो आहे.

इंदूवहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, बापूदादाची बायको. बापूदादा मालवाहू जहाजावर इंजिनीयर. वर्षातले आठ महिने पाण्यावर. चारेक वर्षांपूर्वी तो सुट्टीवर आला तेव्हा त्याने परदेशातून एक घरगुती कॉम्प्युटर आणला. दिसायला जाडसर पाटीएवढा, वर बटणं. तो टीव्हीला जोडायचा, शेजारी कॅसेटचा टेपरेकॉर्डर ठेवायचा, आणि कॅसेट लावली की किर्र आवाज होऊन पाच-सहा मिनिटांनी पडद्यावर खेळ उमटायचा. खेळ सगळे एकाच जातीचे : आकाशातून काहीतरी खाली येतंय आणि आपण त्याला गोळ्या घालतोय. बापूदादा चार दिवस गोळ्या घालून कंटाळला आणि बोटीवर निघून गेला. वहिनी मात्र त्याच्यासोबत आलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक घेऊन बसल्या. अडलेले शब्द विचारायला मला बोलवत. मी कॉलेजात मराठी शिकवतो. त्यातले निम्मे शब्द मलाही अडत.

दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, “भावजी, मी खेळ करतेय. आपल्या माशांचा.”

“वहिनी, तुमच्या घरात माशाचा वास आला तर तुम्ही खिडक्या उघडता.”

“खायचे कुठे आहेत? ओळखायचे आहेत.”

खेळ साधा होता. वर किनाऱ्यावर एक बाई उभी राहून मासा मागणार, “बांगडा!” आपण होडीतून जाळं सोडायचं आणि खालून जाणाऱ्या माशांतला नेमका बांगडा धरायचा. तारली धरली की गुण गेले. म्हणजे सगळा खेळ चित्रावर उभा. बांगडा बांगड्यासारखा दिसला नाही तर खेळणाऱ्याची काय चूक? आणि एका माशाला जागा किती, तर सोळा चौकटी आडव्या, सोळा उभ्या. प्रत्येक चौकट काळी नाहीतर पांढरी. वहिनींचा हात दोसुतीवर भरतकाम करण्यात मुरलेला होता, त्यामुळे चौकटींची त्यांना भीती नव्हती. भीती माशांची होती. एकही मासा त्यांनी जवळून पाहिलेला नव्हता.

शेजारच्या घराच्या पायरीवर रोज कोळीण जनाबाई माशांची टोपली घेऊन बसायची. वहिनी आलेखाचा कागद आणि पट्टी घेऊन तिच्यापुढे बसू लागल्या. मासा घ्यायचा नाही, नुसता मोजायचा. पहिल्या दिवशी जनाबाईला वाटलं, बाईंचं काहीतरी बिनसलंय. आठवड्याने ती परीक्षक झाली. वहिनी टीव्हीवर चित्र काढून तिला घरात बोलवत आणि ती दारातूनच निकाल देई.

“ह्यो बांगडा न्हाय गो वयनी.”

“मग काय आहे?”

“चप्पल हाय.”

वहिनी चिडत नसत. “कुठे चुकलं ते सांग,” एवढंच म्हणत. जनाबाई टोपलीतला मासा उचलून शेपटाजवळचा बारीक झालेला भाग बोटाने दाखवी, आणि कागदावर चार चौकटी खोडल्या जात. सातव्या खेपेला जनाबाई नुसती मान डोलावून टोपली उचलून गेली. त्या दिवशी वहिनींनी मला साखर घालून दही खायला दिलं.

कागदावरचा मासा यंत्रात कसा जाई, हे सांगायला हवं, कारण वहिनींचं खरं काम तिथे होतं. खेळ लिहिणारे बरेच असतील. त्यांनी खेळाच्या आधी दोन छोटे प्रोग्राम लिहिले, खेळासाठी लागणारी अवजारं. त्यांची नावं त्यांनी स्वयंपाकघरातून घेतली. पहिली चाळण. कागदावरच्या चौकटी आपण ओळीओळीने टाइप करायच्या, काळ्याला एक, पांढऱ्याला शून्य. कागदाच्या कोपऱ्यात काळ्या चौकटी एकंदर किती हे आधीच मोजून लिहिलेलं असे. तो आकडाही द्यायचा. टाइप केलेल्या चौकटी तेवढ्याच भरल्या तर चाळण पुढे जाऊ देई, नाहीतर ‘पुन्हा मोजा’ असं म्हणून अडून बसे. दुसरा सोऱ्या. चाळणीतून उतरलेलं पीठ त्यात घालायचं, की तो खेळाला समजतील अशा आकड्यांच्या रूपात मासा दाबून कॅसेटवर उतरवी. सोऱ्यात बदल केला की वहिनी जुनी कॅसेट पुसत नसत. नवीन कॅसेट, नवीन क्रमांक, आणि वहीत एक ओळ : काय बदललं, का बदललं. मी एकदा म्हणालो, एवढ्याशा खेळाला एवढी दप्तरं? त्या म्हणाल्या, “मासे बावीस होणार आहेत. तेविसाव्या दिवशी मला काही आठवणार नाही.”

आता माझ्या पराक्रमाबद्दल. गावात एक प्रदर्शन भरायचं होतं आणि संयोजकांनी मोठ्या कष्टाने वहिनींना एक टेबल देऊ केलं होतं, लोणची-पापडांच्या रांगेत. आठवड्यावर आलं असताना जनाबाईने सुरमईच्या शेपटीवर बोट ठेवलं. वहिनी बाजारात गेल्या होत्या. मी म्हटलं, एवढ्यासाठी कागद, चाळण, सोऱ्या हा सगळा फेरा कशाला? मी तोपर्यंत थोडं शिकलो होतो. सोऱ्याने कॅसेटवर उतरवलेल्या आकड्यांतले दोन आकडे मी थेट बदलले. शेपटी झाली. जनाबाईने मान डोलावली. मी स्वतःवर खूश होतो. कागद मात्र होता तसाच राहिला, आणि वहिनींना सांगायचं राहून गेलं… खरं तर मी सांगितलं नाही, कौतुक प्रदर्शनात होईल अशा बेताने.

दोन दिवसांनी वहिनींनी सोऱ्या सुधारला. मासे डावीकडेही तोंड करून पोहावेत म्हणून. सुधारल्यावर नियमाप्रमाणे सगळे मासे पुन्हा कागदावरून दाबून काढले. माझी शेपटी त्यात गेली.

प्रदर्शनाच्या दिवशी प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले, हार घातलेले होते तसेच टेबलापुढे उभे राहिले आणि पडद्याकडे बघून म्हणाले, “वा, वा! विज्ञानाची झेप!” मग त्यांनी जाळं सोडलं. बाईने सुरमई मागितली होती, त्यांनी मोरी मासा धरला. फोटो निघाला. त्यांच्यामागे जनाबाई आली होती, नव्या लुगड्यात. तिने पडद्याकडे पाहिलं आणि सगळ्या मांडवात ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “सुरमयेची शेपटी परत कोनी कापली गो?”

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर उत्तर असावं. सगळे गेल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “भावजी, चित्र कागदावर सुधारायचं. दाबून निघालेल्या चकलीला हाताने काटे काढलेत, तर उद्या सोऱ्या फिरवल्यावर ते येतील कुठून?” मी माफी मागितली. “माफी नको. कागद सुधारा.” मी तिथेच टेबलावर, पापडांच्या वासात, सुरमईच्या कागदावरच्या चौकटी खोडल्या. त्यांनी मोजल्या. मग कोपऱ्यातला आकडाही मलाच बदलायला लावला.

पुढच्या पावसाळ्यात मिरजेच्या फेऱ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी आम्हांला एका वाक्यात सांगितलं आणि तो विषय बंद केला. त्यांची चिंता वेगळी होती. बावीसपैकी चौदा मासे झाले होते. “मी नसताना हे चाललं पाहिजे,” असं त्या म्हणत, आणि त्यात कुठेही कातर स्वर नसे. गिरणी बंद असेल त्या दिवसाचं पीठ आधी दळून ठेवावं, तसा. मी म्हणालो, वहिनी, विश्रांती घ्या. त्या म्हणाल्या, “मी निजले तर हलवा पोहेल का?” त्यांनी नवीन मासे काढणं थांबवलं आणि वही पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतली, अशी की कॉम्प्युटर कधी न पाहिलेल्या माणसालाही ती वाचून मासा दाबता यावा. त्या माणसाच्या जागी त्यांनी मला बसवलं; दोन आकडे बदलणं सोडलं तर मी तसाच होतो. मी चुकीचं बटण दाबलं तरी त्या खुर्चीवर ओठ मिटून बसत. मी विचारलं तर वहीकडे बोट. वहीतही नसेल तर वही माझ्याकडून ओढून घेऊन ती ओळ घालत. एकदा मी चिडून म्हणालो, “मला येत नाही हे, वहिनी.”

“तुम्हाला येत नाही म्हणूनच तुम्हाला घेतलं,” त्या म्हणाल्या.

हे त्यांनी शेवटच्या मिरजेच्या फेरीपर्यंत केलं. आधी काढून ठेवलेल्या कागदांवरून मला शिकवता शिकवता, त्या गेल्या तेव्हा सतरा मासे झाले होते.

शोकसभेनंतर मी घरी गेलो तेव्हा बापूदादा यंत्राच्या वायरी गुंडाळत होता. पुण्याला भाच्याकडे पाठवून देतो म्हणाला, बघवत नाही. मी म्हटलं, पाठव. पण एक मासा दाबून मग पाठव. मांदेलीचा कागद वहिनींनी काढून ठेवलाय. तो म्हणाला, तू कर. मी म्हटलं, मला येतं, म्हणून मी चालणार नाही. तू वहिनींची वही वाच.

तो वैतागला. मग इंजिनीयरच्या सवयीने ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. वायरी सोडवल्या. टाइप करायला लागला. मध्येच मला म्हणाला, “अरे, हे इथे पुढे काय?” मी खिडकीपाशी बसून समोरच्या पोफळी मोजत राहिलो. दोनदा त्याने वहीला शिव्या दिल्या, आणि दोन्ही वेळा त्याचं उत्तर पुढच्याच ओळीत निघालं. तिसऱ्या वेळी निघालं नाही. टेप किती मागे घ्यायची, हे वहिनींच्या हाताला माहीत होतं, वहीला नव्हतं. तासभर खटपट करून त्याने टेपरेकॉर्डरच्या काउंटरवरचा नेमका आकडा शोधला, आणि मी काही सांगायच्या आत पेन काढून ती ओळ वहीत घातली. वहीत पहिल्यांदाच दुसरं अक्षर आलं. त्याने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, “बाकी कागद कुठे आहेत?”

बापूदादा पुढल्या महिन्यात बोटीवर जाईल. यंत्र पुण्याला गेलेलं नाही. मांदेली झाली, हलवा झाला. आता रावसाचा कागद त्याने स्वतः काढलाय, जनाबाईच्या पायरीवर बसून. काल मी सहज त्याच्या काळ्या चौकटी मोजल्या. कोपऱ्यात लिहिलेल्या आकड्यापेक्षा एक कमी भरली. पुन्हा मोजल्या, तरी एक कमीच. मी त्याला काही बोललो नाही. चाळण सांगेल.