सासुरवाडीत पाय टेकणार नाही

आमच्या अख्ख्या घराण्यातून राज्याच्या सायकल संघात एकच माणूस गेला, आणि त्याने तिथे पोचू नये यासाठी माझ्याच्याने जे जे शक्य होतं ते ते मी केलं. तेही मनापासून, मदत म्हणून.

हा माणूस म्हणजे माझ्या ताईचे यजमान, आमचे भावोजी. रत्नागिरीत शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात हातखंब्याचा चढ चढायचे. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. वय पन्नास, डोक्यावर केस मोजके, पण पिंढऱ्या अशा की शाळेतली पोरं फळ्याकडे कमी आणि तिकडे जास्त बघायची. त्यांचे जुने विद्यार्थी गुडघेदुखीची भाषा बोलायला लागले होते आणि हे अजून विशीतल्या पोरांबरोबर शर्यतीत उतरून वरच्या पाचात येत होते.

त्या वर्षी राज्य निवडीची शर्यत रत्नागिरीतच होती. पहिले तीन राष्ट्रीय स्पर्धेला जाणार. आणि पुढल्या वर्षापासून चाळिशीवरच्यांची शर्यत वेगळी काढायची, असं सायकल संघटनेच्या मंडळींनी ठरवलं होतं. म्हणजे भावोजींना ही शेवटची संधी.

"म्हाताऱ्यांच्या शर्यतीत मी म्हातारा झाल्यावर जाईन," भावोजी म्हणाले. "यंदा पहिल्या तिघांत आलो नाही तर सायकल माळ्यावर."

"माळ्यावर जागा नाही," ताई म्हणाली. "तुम्ही आपले पहिल्या तिघांत या."

अडचण रस्त्याची होती. शर्यत पालीच्या पुढे जाऊन परत फिरणार होती आणि वाटेत आमचं गाव लागत होतं. भावोजींची सासुरवाडी! तिथे त्यांनी वीसेक वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. लग्नाच्या पंगतीत आमच्या अप्पांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) भर वऱ्हाडात विचारलं होतं, "जावई पोटासाठी काही करतात, की नुसतीच सायकल हाकतात?" भावोजी हातातला जिलबीचा तुकडा खाली ठेवून उठले. "या गावात पुन्हा पाय टेकणार नाही," म्हणाले. ताई माहेरी एकटी यायची, एकटी जायची. अप्पाही नारळाच्या झाडासारखे. वाकणं ठाऊक नाही.

शर्यतीत मदतनीस म्हणून भावोजींनी मला घेतलं. काम एवढंच की चढ संपतो तिथे उभं राहायचं आणि ते पुढून जाताना हातात लिंबूपाण्याची बाटली द्यायची. चढ संपतो तिथेच आमचं घर. मी विचार केला, अप्पांना आधी सांगून ठेवावं. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्ती 'मी विचार केला' इथून सुरू होतात.)

"अप्पा, रविवारी सकाळी भावोजी आपल्या दारावरून जाणार आहेत."

अप्पा सुपारी कातरायचे थांबले. "जाणार म्हणजे?"

"शर्यत आहे. सायकलवरून जाणार."

"जावई दारावरून जाणार आणि पायावर पाणी न घेता? गावात तोंड दाखवू का नको मी?"

"अप्पा, शर्यतीत थांबत नाहीत."

"शर्यत असेल त्याच्या घरी. इथे तो जावई आहे."

खरं तर मला आतून बरंच वाटलं. म्हातारा वीस वर्षांनी विरघळत होता. मी तोडगा काढला: घरातल्या आमच्या काकूने रस्त्याच्या कडेला निरांजन घेऊन उभं राहायचं आणि चालत्या सायकलला ओवाळायचं. शनिवारी तालीमही घेतली. मी माझ्या सायकलवरून काकूसमोरून जात होतो आणि काकू ओवाळत होती. पहिल्या खेपेला तिने मागच्या फणसाला ओवाळलं. दुसऱ्या खेपेला माझी डावी मिशी गेली.

"मेल्या, हळू ये ना जरा," काकू म्हणाली.

"भावोजी याच्या तिप्पट वेगाने येणार आहेत, काकू."

काकू अप्पांकडे बघून म्हणाली, "मग ताट कामाचं नाही. माणसंच आडवी लावायला हवीत." मी ही थट्टा समजून उरलेली मिशी कापायला गेलो.

रविवारी चढावरून सात जण वर आले. बाकीचा घोळका बराच मागे. भावोजी सातांत पाचवे, चेहरा शांत, म्हणजे पाय जोरात असणार. मी बाटली घेऊन पुढे झालो आणि त्याच क्षणी माझ्या मागून ढोल वाजला. वळून बघतो तर रस्ताभर सतरंजी, तिच्यावर पाट, आणि आडवी उभी सगळी वाडी!

पुण्या-कोल्हापूरकडची ती पोरं. त्यांनी करकचून ब्रेक दाबले. त्यातल्या एकाला बायकांनी सायकलवरून उतरवून पाटावर बसवलंसुद्धा.

"अहो काकू, शर्यत आहे!" तो कळवळला.

"असू दे. जावयाबरोबर आलात म्हणजे तुम्ही वऱ्हाड. पाय पुढे कर."

"जावई कोण पण?"

हा प्रश्न चांगला होता. कारण जावई तिथे नव्हते. ढोलवाला आणि फणस यांच्यामधून जेमतेम हातभर जागा होती, तिच्यातून भावोजी सासऱ्यांकडे मान न वळवता पार झाले होते. मी नाचलो. मला वाटलं, शर्यत जिंकली!

पाचच मिनिटांत पंचांची जीप आली. पंचांनी सतरंजी पाहिली, पाट पाहिला, नारळाच्या रसात घावने बुडवून खाणारे सहा स्पर्धक पाहिले. शिट्टी फुंकून त्यांनी मागच्या घोळक्याला खाली चढावरच अडवलं आणि भावोजींना पुढून परत आणवलं. निकाल दिला: सातही जण इथूनच, एका रेषेत, पुन्हा निघतील. रेषा सतरंजीच्या कडेची.

भावोजी परत आले, पण उतरेनात. जीपभोवती गोल गोल फिरत राहिले.

"मास्तर, रेषेवर थांबा," पंच म्हणाले.

"थांबतो. पण पाय टेकणार नाही. मला कुणीतरी धरा."

पंचांनी विचारलं, "यांचा मदतनीस कोण?"

मी छाती काढून पुढे झालो. भावोजींनी पॅडलवरचे पट्टे पायांभोवती आवळून घेतले. मी मागून खोगीर दोन्ही हातांनी धरलं. "शिट्टी झाल्याशिवाय सोडू नकोस," ते दातांतल्या दातांत म्हणाले.

"भावोजी, निर्धास्त राहा."

पंचांनी शिट्टी ओठांना लावली. तेवढ्यात अप्पा सतरंजी तुडवत पुढे आले. हातात नारळ. भावोजींच्या समोर उभे राहिले आणि सगळ्या वाडीदेखत म्हणाले, "जावईबापू, त्या दिवशी पंगतीत माझं चुकलं."

आमच्या अप्पांच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. ताईला हे सांगायला हवं, असं मनात आलं. डोळे भरून आले. ते मी पुसले.

दोन्ही हातांनी.

भावोजींचे पाय पट्ट्यांत. ते सायकलसकट सावकाश, तोडलेल्या पोफळीसारखे आडवे झाले, ते बरोबर अप्पांच्या पायांशी. कपाळ अप्पांच्या वहाणेवर!

"अहो, अहो, इतकं कशाला," अप्पा गहिवरले. "साष्टांग कसले घालता. औक्षवंत व्हा."

काकूने संधी साधली आणि आडव्या जावयाला ओवाळून घेतलं. या खेपेला नेम चुकला नाही. आणि पंचांनी शिट्टी वाजवली.

सहा जण निघून गेले. भावोजी उठले, ढोपरावरचं रक्त आणि कपाळावरचं कुंकू तसंच ठेवून सायकलवर बसले. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. वर्गात शून्य मिळवणाऱ्या पोराकडे बघावं तसं नव्हे. ते परवडलं असतं.

पण घावने पोटात घेऊन चढउतार मारणं सोपं नाही. एक पोरगा परतीच्या वाटेवर पोट धरून बसलेला सापडला, दोघे हातखंब्याला मागे पडले, चौथा शहराच्या वेशीवर. भावोजी तिसरे आले. सायकल माळ्यावर गेली नाही, राष्ट्रीय स्पर्धेला गेली.

तेव्हापासून भावोजी आमच्या गावी येतात. गणपतीला येतात, आंब्यांना येतात, अप्पांच्या शेजारी बसून सुपारी कातरतात. वीस वर्षं अप्पांशी धरलेला अबोला मात्र त्यांनी वाया जाऊ दिला नाही. तो त्यांनी माझ्या नावावर केला. राष्ट्रीय स्पर्धेला मदतनीस म्हणून अप्पाच गेले, आणि निघताना स्टँडवर मी भावोजींना हात जोडायला पुढे झालो तर ते पहिल्यांदाच माझ्याबद्दल काहीतरी बोलले. अर्थात ताईला.

"त्याला सांग, हात खिशात ठेव."