उष्टं पाणी

मासवणच्या बाजूची ती मावशी बोईसरच्या बाजारात रानभाजी विकून झाली की आमच्या पायरीवर येऊन टेकते. जुडीतलं एक पान आधी स्वतः चावून बघायचं आणि मगच जुडी पुढे करायची, ही तिची रीत. दर वाक्याला ‘मंग?’ विचारते, पण उत्तरासाठी कधी थांबत नाही.

मध्यंतरी माझी लेक तापाने फणफणली होती. डॉक्टरांचं औषध चालू होतंच. मावशीने पिशवीतून कसलासा खरखरीत पाला काढला.

“आमच्यात पयले तापावर ह्याचाच काढा देत.”

“तू घेऊन बघितलायस का?” मी विचारलं.

“ताप नाय तं कसा बघू, मंग?”

एवढं बोलून ती आत आली, लेकीच्या उशाशी ठेवलेला पेला उचलला आणि त्यातलं उष्टं पाणी घटाघटा पिऊन टाकलं. मी किंचाळलेच. तिने शांतपणे पदराने तोंड पुसलं आणि अर्धा पाला माझ्या हातात दिला.

“आता मला येल ताप. मी सांगत नाय तवर पोरीला देऊ नको.”

लेक बरी होऊन शाळेत जायला लागली, तरी मावशीचा पत्ता नव्हता. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मग एका सकाळी ती पायरीवर दिसली. गाल बसलेले, ओठ फुटलेले, आणि डोक्यावर भाजीची पाटीच नाही.

“ताई, तो पाला फेकून दे. कामाचा नाय. मंग?”

या वेळी ती उत्तरासाठी थांबली, आणि मी आत जाऊन तिच्यासाठी पेलाभर पाणी घेऊन आले.