यादीखालची सही

बाईंचे वडील नगरपालिकेत कारकून होते. कचेरीतून ते बाद झालेले अहवाल घरी आणायचे, आणि त्या रद्दीवरच बाई वाचायला शिकल्या. पुढे शिष्यवृत्ती मिळवून इतिहासात एम.ए. केलं, डॉक्टरेट केली आणि गावातल्याच विद्यापीठात शिकवायला लागल्या. संशोधनाला विषय एकच धरला. नदीपलीकडच्या वस्तीला सार्वजनिक वाचनालयात आणि मतदान केंद्रावर मज्जाव होता. त्याविरुद्ध वस्तीने काढलेला मोर्चा. त्या मोर्चात गेले म्हणून सदुसष्ट सफाई कामगारांना एका दिवसात घरी बसवलं होतं.

ती नावं कुठल्याच नोंदीत सापडत नव्हती. बाई अकरा वर्षं टेपरेकॉर्डर घेऊन दारोदार फिरल्या, तेव्हा कुठे एकेचाळीस नावं हाती लागली. सगळ्यात जास्त मदत केली ती वस्तीतल्या एका मावशींनी. काढून टाकलेल्यांपैकी आता त्या एकट्याच उरल्या होत्या. दर रविवारी बाई त्यांच्या खोलीत बसून चहा प्यायच्या.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना नगरपालिकेच्या तळघरात, पाणीपट्टीच्या कागदांत, अख्खी यादी सापडली. सदुसष्ट नावं, प्रत्येकापुढे ‘मोर्चात प्रत्यक्ष पाहिले’. खाली माहिती देणाऱ्याची सही. बाईंच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं हीच सही होत आली होती.

थोरला भाऊ म्हणाला, “बाबा जाऊन वीस वर्षं झाली. आता उकरून काय मिळवणार आहेस?”

“दादा, नावं तर छापावीच लागतील.”

“मग नावं छाप. सही झाक.”

बाईंनी काहीच झाकलं नाही. छापायला देण्याआधी मात्र त्या यादी घेऊन मावशींकडे गेल्या.

मावशींनी कागद हातातही घेतला नाही. “आम्हाला तेव्हाच कळलं होतं,” त्या म्हणाल्या.

“मग इतकी वर्षं मला बोलला का नाहीत?”

“आमचं ऐकायला दुसरं कोण येत होतं? म्हटलं, पोरीला कशाला सांगा.” मग त्या म्हणाल्या, “आता तुला कळलंय. आता तू समोर बसलीस की मला तोच दिसणार. नको येत जाऊस.”

पुस्तक निघालं. दादाने बोलणं टाकलं. बाई निवृत्त झाल्या आणि विद्यार्थी नाहीत म्हणून विभागाने तो विषयच बंद केला. प्रतींचे गठ्ठे विभागाच्या जिन्याखाली पडून राहिले.

हिवाळ्यात मावशी गेल्या. बाईंना कुणी कळवलं नाही. आठवड्याने दुकानात कानावर आलं. त्या तशाच घरी आल्या. मावशींच्या आवाजाच्या टेप कपाटात होत्या. त्यांनी एक बाहेर काढली, पण लावायचा धीर झाला नाही.