उजवीकडची जागा

आमचे भाऊजी स्पेनहून पुण्याला आले, की पहिल्या दिवशी हमखास चुकीचे दार उघडत. विमानतळाबाहेर टॅक्सी उभी असे. पुढे, चालकाशेजारी बसावे म्हणून भाऊजी सरळ उजव्या बाजूला जात आणि बसलेल्या चालकाच्या अंगावरच दार उघडत. एकदा एक चालक शांतपणे म्हणाला, "साहेब, तुम्हीच चालवता का? मग मी मागं झोपतो." आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, स्पेनमध्ये डावीकडे, म्हणून तिथे सोबत्याची जागा उजवीकडे येते. हा साधा फरक वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर, सुधीर. सासू-सासरे लवकर गेल्यामुळे त्यांना वाढवले ते माझ्या यजमानांनी. यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरीला होते आणि आम्ही तिथल्याच क्वार्टर्समध्ये राहत होतो. मी लग्न होऊन आले तेव्हा भाऊजी माध्यमिक शाळेत होते. सायकलच्या दांडीवर बसण्याचे त्यांचे वय सरले होते, तरी यजमान त्यांना दांडीवरच बसवून नेत. "मागं बसला की हा दिसत नाही," हे त्यांचे कारण. पाय जमिनीला लागू नयेत म्हणून भाऊजी ते वाटभर आखडून धरत.

शाळा सुरू व्हायच्या आधी यजमान रद्दीवाल्याकडून परदेशी मासिके आणत आणि त्यांच्या गुळगुळीत पानांची कव्हरे भाऊजींच्या पुस्तकांना घालत. एका वर्षी शास्त्राच्या पुस्तकाच्या वाट्याला लाल अमेरिकी गाडी आली. लांब नाक, दोन दारे, जमिनीलगत टेकलेले अंग. गाडी घडीत मोडू नये, म्हणून यजमानांनी ते पान पुनःपुन्हा उलगडून बसवले. भाऊजी पुढे सांगत, "वहिनी, त्या वर्षी मी शास्त्र कमी आणि कव्हर जास्त वाचलं."

पुढे देशाची दारे उघडली, हिंजवडीत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि भाऊजी त्यांतल्या एकीत मोटारींच्या संगणकप्रणालीवर काम करू लागले. कंपनीने त्यांना दक्षिण स्पेनमधील मलागा शहरी पाठवले. थोड्या काळासाठी गेलेले भाऊजी तिथेच राहिले. लग्न केले नाही. शहराबाहेर डोंगरावरच्या एका गावात त्यांनी घर घेतले, आणि मग एके दिवशी फोन आला, की तीच गाडी मिळाली आहे. जुनी, पण लाल.

"दोनच जागा? मग उपयोग काय तिचा?" मी विचारले.

"एक माझी, एक दादाची."

"आणि मी?"

"तुम्ही दुसऱ्या फेरीला, वहिनी. दादा उतरला की लगेच."

ती गाडी त्या गावासाठी जन्मलेली नव्हती. अमेरिकेच्या रुंद रस्त्यांसाठी घडवलेले ते धूड घराकडच्या बोळात शिरताना भाऊजींना दोन्ही आरसे मिटून घ्यावे लागत. इंजिनाचा आवाज आला, की शेजारची म्हातारी दारातल्या कुंड्या आत ओढी. "मंडईमागचे बोळ इथं हमरस्ता म्हणून खपतील," भाऊजी म्हणत. एखादा सुटा भाग बिघडला, तर तो अमेरिकेहून येईपर्यंत गाडी निजून राही. लहान गाडी घ्या, असे मी सुचवले, तेव्हा ते म्हणाले, "लहान गाडी कव्हरावर नव्हती."

दसऱ्याला ते गाडीची पूजा करीत आणि मी फोनवरून क्रम सांगे. पहिल्या वर्षी त्यांनी चारही चाकांखाली रीतीप्रमाणे लिंबे ठेवली आणि कपडे बदलायला आत गेले. परत येतात तो लिंबे नाहीत. आपल्याच झाडाची गळून घरंगळली असावीत, असे समजून म्हातारीने ती गोळा केली होती आणि धुऊन, टोपलीत घालून हातात दिली. भाऊजींनी खुणांनी सगळा विधी समजावला. पुढच्या दसऱ्यापासून लिंबे तीच आणू लागली.

भाऊजी दरवर्षी बोलावत आणि यजमान दरवर्षी नकार देत. "दोघांच्या गाडीत बसायला एवढा समुद्र ओलांडू? आमच्या कात्रजच्या बसमध्ये साठ माणसं बसतात, आणि कुणी फोटो पाठवत नाही." एकदा भाऊजी अगदी काकुळतीने म्हणाले, "दादा, तू एकदा शेजारी बस. मग गाडी विकून परत येतो."

"आधी परत ये. मग बघू."

फोन ठेवल्यावर यजमान मला म्हणाले, "मी तिथं जाऊन बसलो, की तो तिथला झाला. मग त्याला परत कोण आणणार?" एकाला भावाला शेजारी बसवायचे होते, दुसऱ्याला भावाला घरी आणायचे होते. दोघांनीही आपापला हट्ट इतका सांभाळून ठेवला, की त्यात वर्षे गेली.

निवृत्तीनंतर यजमानांनी कुणालाही न सांगता पासपोर्ट काढला आणि स्वतःहून फोन लावला. "येतोय. पण गाडी सायकलच्या वेगानं चालवायची." पलीकडून भाऊजी म्हणाले, "पाय आखडून बसावं लागेल हं, दादा."

व्हिसा हाती येण्याआधी बातमी आली. ऑफिसात, टेबलाशीच, भाऊजींचे हृदय थांबले होते. आम्ही पोहोचलो ते अस्थी आणायला.

भाऊजींच्या एका सहकाऱ्याने आम्हाला गावात नेऊन, शेजारच्या म्हातारीकडे ठेवलेल्या किल्लीने गॅरेज उघडून दिले. गाडी स्वच्छ पुसलेली होती. चारही चाकांखाली ताजी लिंबे होती. दादा येणार म्हणजे गाडी बाहेर निघणार, हे भाऊजींनी म्हातारीला सांगून ठेवले होते. गाडी काढणारा गेला, तरी दादा आले होते, म्हणून तिने आपले काम केले होते. ती दारात उभी राहिली.

यजमानांनी गाडीची किल्ली घेतली. निदान एकदा इंजिन सुरू करून पाहावे, असे त्यांच्या मनात असावे. पुण्याच्या सवयीने ते उजव्या बाजूला गेले, दार उघडून आत बसले आणि किल्ली पुढे केली. समोर स्टिअरिंगचे चाक नव्हते. ते त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले, मग डावीकडे.

त्यांनी किल्ली मांडीवर ठेवली, पाय आखडून घेतले आणि पट्टा ओढून लावला.

मी बाहेर उभी राहिले. माझी फेरी दुसरी होती.