अण्णांच्या हातची सुई

माझ्या सासऱ्यांना सगळं तेलगाव अण्णा म्हणायचं. ते सुनेशी बोलताना भिंतीकडे बघायचे. चहा हवा असला तरी "चहा झाला असंल तर बघा" असं भिंतीलाच सांगायचे. मीही डोक्यावरचा पदर ढळू न देता आतूनच हो म्हणायची. अशा माणसाने पुढे सकाळ-संध्याकाळ माझ्या दंडात सुई टोचली, हे आमच्याकडच्या जुन्या बायकांना अजून खरं वाटत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला सारखी तहान लागू लागली, अंग वाळत गेलं आणि एका दुपारी कापूस वेचताना मी सरीतच कोसळले. बीडच्या दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा कळलं, शुगर आहे, गोळ्यांवर भागणार नाही, जन्मभर इन्सुलिन घ्यावं लागेल. घरी आल्यावर अण्णांच्या थोरल्या बहिणीने मला माहेरी पाठवायचा विषय काढला. अण्णा शांतपणे म्हणाले, "आजारी पडली म्हणून माघारी धाडायला ती काय बाजारातून आणलीय का? लेक हाय या घरची."

स्वतःला टोचायला मात्र माझा हात धजेना. नवरा हंगामात उसाच्या ट्रॅक्टरवर आणि सासूबाईंना सिरिंजवरच्या रेघा दिसत नसत. शेवटी अण्णाच दवाखान्यात जाऊन नर्सबाईंकडून शिकून आले. पहिल्या दिवशी त्यांनी कोरी सुई आधी स्वतःच्या पोटाला टोचून पाहिली. "मुंगी चावल्यावानी हाय," असं पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले. मग दुसरी सुई काढून माझ्या दंडाची कातडी चिमटीत धरली. नांगराने घट्टे पडलेल्या त्या बोटांनी सुई हळूच आत सारली.

पुढच्या सुगीला त्यांनी सिरिंज माझ्या हातात दिली. "आता तुझं तू घे. मी काय जन्माला पुरणार हाय?" मी रडले. ते समोर बसून राहिले, पण मदतीला हात पुढे केला नाही. बऱ्याच वेळाने मी टोचून घेतलं, तेव्हाच उठले.

कातडीला नुसती पट्टी चिकटवून इन्सुलिन देण्याचे प्रयोग चालू आहेत, असं त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकलं होतं. तेव्हापासून दर खेपेला ते बीडच्या डॉक्टरांना विचारायचे, "आली का पट्टी?" डॉक्टर हसून नकारार्थी मान हलवायचे. अण्णा मला म्हणायचे, "येईल. तवर सुई हाय."

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी मी इन्सुलिन घेऊन ताट वाढत होते, तोच ओसरीवर अण्णा कलंडले. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. घर माणसांनी भरलं. मयत उचलेपर्यंत आमच्यात कुणी खात नाही. सुई घेऊन उपाशी राहिलं की साखर एकदम उतरून शुद्ध हरपते हे मला ठाऊक होतं, पण त्या रडारडीत खायला मागायचं कसं? अंगाला घाम सुटला, हात कापू लागले. तेवढ्यात अण्णांच्या उशाशी बसलेल्या सासूबाई उठल्या. मला हाताला धरून आत नेलं, तोंडात गुळाचा खडा घातला आणि दुधात भाकरी कुस्करून पुढ्यात ठेवली. दारातली एक बाई काहीतरी कुजबुजली.

सासूबाई तिच्याकडे वळून म्हणाल्या, "त्यांनीच सांगून ठेवलंय. मी मेलो तरी हिला उपाशी ठेवायचं न्हाई."

मी खाली मान घालून खात राहिले. बाहेर अण्णांच्या आंघोळीचं पाणी तापत होतं.